‘लाइट’ एक की दोन? एका आक्षेपाला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : इंग्रजीत ‘लाइट’ हा शब्द एकच आहे, प्रकाशाला वजन नसतं म्हणून त्यातूनच ‘हलका’ हा अर्थ फुटला, आणि त्याचे दोन शब्द केल्याने शिकणाऱ्यांचा गोंधळ वाढतो.

ही जोड पटकन पटते, पण शब्दांचा इतिहास तिच्या विरुद्ध जातो. जर्मनमध्ये प्रकाश म्हणजे ‘लिख्त’ आणि हलका म्हणजे ‘लाइख्त’; आजही दोन वेगळे शब्द. गॉथिक या जर्मनच्या नात्यातल्या जुन्या भाषेत चौथ्या शतकात झालेल्या बायबलच्या भाषांतरातही ‘लिउहाथ’ आणि ‘लीह्ट्स’ निरनिराळे आहेत. इंग्रजीत मात्र दोघांचे उच्चार झिजत झिजत एक झाले. प्रकाशवाल्याचं कूळ लॅटिन ‘लुक्स’ आणि संस्कृत ‘रुच्’ म्हणजे चमकणे यांचं. हलकेपणावाल्याचं कूळ आपल्या ‘लघु’चं, आणि इंग्रजी ‘लंग’चंही, कारण फुप्फुस वजनाला हलकं.

आता गोंधळाचं. वेगळेपण ठाऊक नसेल तरच तो वाढतो. ‘ही मेड लाइट ऑफ द इंज्युरी’ म्हणजे त्याने दुखापत किरकोळ मानली. इथे ‘दुखापतीवर प्रकाश टाकला’ असं भाषांतर केलं, तर अर्थ पार उलटा होतो.

विशेषणाला विरुद्ध शब्द लावून बघा. ‘लाइट रेन’, ‘लाइट स्लीपर’, ‘लाइट रीडिंग’ (रिमझिम पाऊस, सावध झोपेचा माणूस, हलकंफुलकं वाचन) यांना विरुद्ध म्हणून ‘हेवी’ चालतो, म्हणजे ते हलकेपणाच्या घरचे. ‘लाइट ब्लू’ला ‘डार्क’ लागतो, म्हणजे तो प्रकाशाच्या घरचा. म्हणून मराठीत ‘फिकट निळा’च नेमका, ‘हलका निळा’ ही हिंदीची वाट. ‘लाइट कोट’पाशी मात्र ही कसोटी अडते, तो पातळही असेल किंवा फिकट रंगाचाही. तिथे पुढचंमागचं वाक्य वाचण्यावाचून इलाज नाही.

क्रियापदांत तर खरा कस लागतो. ‘लायटन’ दोन आहेत : आभाळ उजळणे आणि ओझं कमी करणे. वीज या अर्थाचा ‘लाइटनिंग’ पहिल्याचा. ‘अलाइट’ही दोन : मेणबत्ती ‘अलाइट’ म्हणजे पेटलेली, आणि प्रवासी ‘अलाइट’ होतो म्हणजे उतरतो. हा दुसरा अर्थ घोडेस्वारीतून आला. स्वार उतरला की घोड्याचा भार हलका होतो. ‘लायटर’चीही तीच गत. एक सिगारेट पेटवतो, दुसरी मोठ्या जहाजातला माल धक्क्यापर्यंत नेणारी सपाट बुडाची नाव.

‘लाइट’ हे क्रियापदही दोन आहेत, उजळणे आणि उतरणे; त्यांच्या भूतकाळी रूपावरून काहीच कळत नाही, कारण ‘लिट’ आणि ‘लायटेड’ दोन्ही कुळांना चालतात. तिथे पुढचा शब्द बघा. ‘लिट अप’ असेल तर उजळणं, ‘लिट ऑन’ किंवा ‘लिट अपॉन’ असेल तर बहुधा येऊन बसणं किंवा अवचित सापडणं : पाखरू फांदीवर उतरतं तसं.