तेल फॉरवर्ड करता येत नाही

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर मावशींनी मला चर्चच्या आवारात गाठलं. मावशी म्हणजे रक्ताच्या नात्यातल्या नाहीत, आमच्या मंडळीतल्या सगळ्यांच्याच. मिशनच्या इस्पितळात तीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. पिशवीतून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "बाळा, एफडी मोडू का? मुदत मार्चला संपतेय. पण ह्यात लिहिलंय की तोवर आपण इथे नसूच."

"ह्यात" म्हणजे ख्रिस्ती ग्रुपांवर फिरणारा तो लांबलचक संदेश. मावशींना तो पुण्यातल्या भाच्याने पाठवला होता. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: प्रभू येशूच्या दुसऱ्या येण्याचा काळ हिशेबाने काढता येतो, तो अगदी जवळ आलाय, चिन्हं पूर्ण झाली, ज्यांना वेळ कळली ते तयार, बाकीचे मागे राहणार, नोकरी-पैशात आता गुंतू नका, आणि हे दहा जणांना पाठवा. मावशींकडच्या संदेशाखाली "सेवाकार्यासाठी" म्हणून क्यूआर कोडही होता. जग संपायला आलं तरी जीपे चालू.

एक आधीच सांगतो. प्रभू पुन्हा येणार हे मी मानतो, नुसतं सवयीने म्हणत नाही. माझं भांडण येण्याशी नाही, "तयार" ह्या शब्दाचं जे काही केलंय त्याच्याशी आहे.

पहिला दावा हिशेबाचा. प्रभू म्हणतो, अंजिराच्या झाडाला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे ओळखा, आणि हे सगळं होईपर्यंत ही पिढी सरणार नाही. संदेशाचं म्हणणं, अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, त्याला पालवी फुटली 1948 मध्ये, ते राष्ट्र झालं तेव्हा, "ही पिढी" म्हणजे स्तोत्र 90 प्रमाणे ऐंशी वर्षं, म्हणून 2028 च्या आत सगळं उरकणार. ऐकायला चोख वाटतं. पण हेच गणित पूर्वी पिढी चाळीस वर्षांची धरून मांडलं होतं, तेव्हा उत्तर आलं 1988. नासात काम केलेल्या एडगर व्हिसेनंट नावाच्या इंजिनिअरने त्या वर्षाच्या सप्टेंबरसाठी 88 कारणं छापली आणि पुस्तिका लाखोंनी खपली. सप्टेंबर गेला. एका वर्षाची चूक झाली म्हणत त्याने 1989 सांगितलं. पुढे पिढी सत्तरची झाली, तेव्हा 2018. आता ऐंशीची. उत्तर आधी ठरवायचं आणि पिढीची लांबी मागाहून ताणायची, ह्याला हिशेब म्हणत नाहीत. आणि लूकच्या शुभवर्तमानात हाच दाखला एकविसाव्या अध्यायात काढून बघा. तिथे प्रभू "अंजिराचं झाड आणि सगळी झाडं" बघायला सांगतो. मग बाकीची झाडं कोणकोणते देश?

अशा तारखांची यादी लांब आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी बायबलातल्या दानिएलाच्या पुस्तकातल्या 2300 दिवसांवरून 22 ऑक्टोबर 1844 काढली. कित्येक शेतकऱ्यांनी उभं पीक काढलंच नाही, आणि 23 तारखेची सकाळ नेहमीसारखी उजाडली. दक्षिण कोरियात 28 ऑक्टोबर 1992 ठरली. तिथल्या प्रचारकाला पुढे फसवणुकीबद्दल तुरुंगात जावं लागलं, कारण त्याच्याकडचे रोखे त्या तारखेनंतर वटणारे निघाले. हॅरल्ड कॅम्पिंगने 21 मे 2011 सांगितली, मग 21 ऑक्टोबर, आणि दुसऱ्या वर्षी तारीख सांगणं हे पापच होतं अशी कबुली दिली. ह्या सगळ्यांत मला तोच एक बरा वाटतो. निदान चूक म्हणाला.

दुसरा दावा जरा हुशार आहे. "दिवस आणि घटका ठाऊक नाही असं लिहिलंय, महिना-वर्ष नाही असं कुठे लिहिलंय?" शिवाय "कोणाला ठाऊक नाही" हा म्हणे यहुदी लोकांचा कर्ण्यांच्या सणासाठीचा वाक्प्रचार होता, तो सण चंद्रकोर दिसली की सुरू होई, म्हणून नेमका दिवस माहीत नसे. ह्याच सणाचा धागा धरून 23 आणि 24 सप्टेंबर 2025 ची आवई जगभर उठली होती, दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाच्या दृष्टान्तावरून. आता वाक्य पूर्ण वाचू. मत्तय 24:36 म्हणतं, देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला. चंद्रकोर आज दिसेल की उद्या एवढ्याशा अनिश्चिततेसाठी पुत्राला मध्ये आणायची गरज काय? दर वर्षी येणाऱ्या सणाची गोष्ट असती तर शिष्यांनी तो सण तेवढा जागून काढला असता, वर्षभर जागं राहा म्हणायचं कारण नव्हतं. आणि प्रेषितांची कृत्ये 1:7 मध्ये तर "काळ व समय" असाच शब्द आहे. वर्ष-महिन्याची पळवाट तिथे बंद होते.

"देवाजवळ एक दिवस हजार वर्षांसारखा" हे 2 पेत्र 3:8 सुद्धा सूत्र म्हणून वापरतात. पुढची ओळ मात्र कोणी पाठवत नाही. उशीर का, तर कोणाचा नाश होऊ नये म्हणून तो धीर धरतो आहे.

चिन्हांबद्दल थोडक्यात. लढाया, भूकंप, दुष्काळ ह्यांची यादी सांगून प्रभू लगेच म्हणतो की घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, ही वेदनांची सुरुवात आहे. आपल्याकडे 1896-97 साली ही सगळी चिन्हं दारात उभी होती. मुंबई-पुण्यात प्लेग, मध्य प्रांतात दुष्काळ. पंडिता रमाबाई त्या वेळी आकडेमोड करत बसल्या नाहीत, दुष्काळी भागात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. नंतरची कित्येक वर्षं हिब्रू-ग्रीक शिकून मराठी बायबलाचं भाषांतर करण्यात गेली, अगदी 1922 साली डोळे मिटेपर्यंत.

आता मूळ मुद्दा: "ज्यांना वेळ कळली ते तयार." इथे हा संदेश नुसता चुकत नाही, उलटा होतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला दहा कुमारींचा दाखला घ्या. दहा जणी दिवे घेऊन वराला सामोऱ्या निघतात, पाच शहाण्या जादा तेल घेतात, पाच मूर्ख घेत नाहीत. तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये. पत्रिकेवर मुहूर्त 12:35, पाहुणे अक्षता हातात घेऊन उभे, आणि वऱ्हाड अजून वेशीवर नाचतंय, हे आपण दर मे महिन्यात बघतो. दाखल्यात तर मुहूर्तही छापलेला नाही. वर उशीर करतो आणि दहाही जणी झोपतात. शहाण्यासुद्धा. म्हणजे कोण टक्क जागं होतं, कोणी वेळ बरोबर ओळखली, ह्यावर काहीच अवलंबून नव्हतं. वेळ दहापैकी एकीलाही ठाऊक नव्हती. फरक फक्त तेलाचा, आणि ते ऐन वेळी उसनं मिळत नाही. तेल म्हणजे नेमकं काय ह्यावर पाळकांचे मतभेद आहेत. पण दार लावल्यावर आतून काय ऐकू येतं त्यावर वाद नाही: "मी तुम्हांला ओळखत नाही." उशिरा आलात, तारीख चुकवलीत, असं वर म्हणत नाही. ओळख नाही म्हणतो.

मत्तयाच्या सातव्या अध्यायातही हेच. "प्रभू, प्रभू" म्हणणारे, त्याच्या नावाने संदेश देणारे, भुतं काढणारे लोक येतात, म्हणजे आजच्या भाषेत भरपूर सबस्क्रायबर असलेले. त्यांना उत्तर मिळतं, मला तुमची कधी ओळखच नव्हती.

"नातं" हा शब्द वापरायला मला थोडा संकोच वाटतो. गाड्यांच्या मागच्या काचेवर चिकटून तो गुळगुळीत झालाय. पण दुसरा शब्द नाही. मावशींचंच सांगतो. त्या पहाटे उठतात, रबर लावलेलं बायबल उघडतात, आणि मग मोठ्याने बोलतात. "प्रभू, गुडघा आज फार दुखतोय बघ." "काल सुनेला टाकून बोलले, मला माफ कर, तिलाही सांगते." आणि नाश्त्याच्या वेळी खरंच सांगतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं हे बोलणं आहे. असा माणूस उद्या दारात उभा राहिला तर मावशींना दचकायचं कारण काय? ह्यावर कोणी म्हणेल, मग नुसतं गोड बोलत बसायचं का? नाही. त्याच पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला जेवू घातलेल्यांची गोष्ट आहे, आणि ते लोक उलट विचारतात, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांनी मनात हिशेब ठेवलेला नव्हता.

"मागे राहाल" ही भीतीही जरा तपासा. "एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल" ह्याच्या आधीचं वचन नोहाचं आहे, आणि तिथे जलप्रलय ज्यांना घेऊन गेला ते बुडालेले लोक होते. अर्थावर मंडळ्यांत मतभेद आहेत, मी निकाल देत नाही. पण इतक्या वादाच्या ओळीवर म्हाताऱ्या माणसांची झोप उडवू नये.

नोकरी सोडा, पैसे काढा, ह्याला पौलाने पूर्वीच उत्तर दिलंय. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला, "प्रभूचा दिवस आलाच" असं आमच्या नावाचं पत्र आलं तरी हबकू नका, असं तो लिहितो. त्या काळचा फॉरवर्डच तो. आणि पुढच्याच अध्यायात, जे कामधंदा न करता लुडबुड करत फिरतात त्यांनी निवांतपणे काम करून स्वतःची भाकर खावी, असं बजावतो.

राहिले ते दहा जण, ज्यांना हा संदेश पाठवायचा होता. शहाण्या कुमारींना शेजारणीला तेल देता आलं नाही, ते काय व्हॉट्सॲपवरून जाणार.

हे सगळं मी मावशींना आवारातल्या बाकावर बसून सांगितलं, जरा कमी शब्दांत. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे मोडायची नाही," एवढंच म्हणाल्या. मग फोन पुढे केला. "भाच्याला काहीतरी उत्तर द्यायला हवं. दोन वर्षं झाली, आला नाही पोरगा. तूच टाईप कर."

मी विचारलं, काय लिहू?

"लिही, वाचलं. आणि लिही, तू घरी कधी येतोस? तारीख नको सांगूस, नुसता ये."