गॅस न पेटवता

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी अगदी शब्दशः केलं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला तो टँकरच्या बिलाबद्दल विचारायला. नेमके त्याच क्षणी सेक्रेटरी विचारत होते, "उन्हाळी शिबिरात छोट्या मुलांना स्वयंपाक कोण शिकवेल?" माझा हात पाहून टाळ्या पडल्या. टँकरचा प्रश्न अजून तसाच आहे.

आमचं क्लबहाउस म्हणजे एक हॉल, दोन पंखे, एक कॅरमचं स्टँड आणि बाहेर एक नळ. ओटा नाही, गॅस नाही. इंडक्शन लावली तर एमसीबी पडते आणि लिफ्टसुद्धा बंद होते, हे दिवाळीत सिद्ध झालेलं आहे. "मग शिकवू काय?" मी विचारलं. सेक्रेटरी खुशीत म्हणाले, "फायरलेस कुकिंग! हल्ली सगळ्या शाळांतून चालतं. गॅस न पेटवता स्वयंपाक. सोप्पं!" ज्यांना स्वतःचा चहा करता येत नाही, त्यांना बाकीचा सगळा स्वयंपाक सोपा वाटतो.

अकरा मुलं आली. वयं पाच ते आठ. नावं पाठ होईनात, म्हणून मी त्यांना फ्लॅटच्या नंबरांनी हाक मारायला लागले आणि त्यांनाही ते आवडलं.

मुलांच्या आधी आया व्हॉट्सॲपवर आल्या. सुरी नको. किसणी नको, बोटं सोलवटतात. खलबत्ता नको, हॉलच्या फरश्या नव्या आहेत (हा निरोप एका आजोबांचा). एकशेचारला शेंगदाण्यांची ॲलर्जी आहे. ही एक गोष्ट मी खरोखर मनावर घेतली, चारही दिवस दाणे हॉलच्या आसपास फिरकू दिले नाहीत आणि प्रत्येक पुडा चष्मा लावून वाचला. चारशेएककडे कांदा, लसूण, बटाटा चालत नाही. सहाशेतीनच्या टॉन्सिल्स सुजल्यात, बर्फ नको. एका आईला पांढरी साखर नको होती. शेवटी तिनेच लिहिलं, "बाकी काहीही चालेल." मी बाकी काय राहिलं ते पाहिलं. लिंबू राहिलं होतं. आणि मी.

म्हणून पहिल्या दिवशी लिंबू सरबत. घरातून निघताना वाटलं होतं, यात शिकवण्यासारखं काय आहे? आपली स्वयंपाकाची भाषा किती अघोरी आहे, ते अकरा कोऱ्या चेहऱ्यांसमोर उभं राहिल्यावर कळतं. "साखर अंदाजे घाला." अंदाजे म्हणजे? "मीठ चवीपुरतं." काकू, चव किती आहे? मी म्हटलं, बरं, चिमूटभर घाला. ते मात्र सगळ्यांना समजलं. अकरा जणांनी पातेल्यात अकरा चिमटी मीठ घातलं. वर दोनशेएकने "माझी चिमूट लहान आहे" म्हणून आणखी दोन घातल्या. लिंबं त्याने आधीच हँडवॉशने धुऊन आणली होती. त्या सरबताला अलिबागच्या समुद्राची चव आणि वर फेस होता.

दुसऱ्या दिवशी दडपे पोहे. हा पदार्थ माझ्या भरवशाचा. आजोळ रायगडात, त्यामुळे पेणचे पातळ पोहे डब्यात कायम असतात. त्यात ओलं खोबरं, लिंबू, कोथिंबीर, कांद्याऐवजी काकडी आणि कैरीचा कीस. वरून नारळाचं पाणी शिंपडायचं, सगळं कालवायचं आणि झाकण ठेवून दडपायचं, म्हणजे पोहे त्या ओलाव्यातच मऊ होतात. सुरी बंद असल्यामुळे केकसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या सुऱ्या दिल्या. त्यांनी काकडी कापली जात नाही, कंटाळून तुटते. कालवायचं काम मात्र मुलांनी फार मनापासून केलं. कोपरापर्यंत. एका मुलीच्या वेणीतूनसुद्धा खोबरं निघालं.

"आता हे दडपून ठेवायचं," मी म्हटलं आणि हात धुवायला नळावर गेले. परत आले तर तीनशेदोन झाकणावर बसला होता. मांडी घालून, अत्यंत जबाबदारीने. "काकू, मी दडपतोय. किती वेळ?" चूक माझीच होती. मी 'झाकून ठेवा' म्हणायला हवं होतं. स्टीलच्या झाकणाला जो खोलगट आकार आला आहे, तो अजून गेलेला नाही.

एवढं होऊनही पोहे बरे झाले असते. पण मी फोडणीची वाटी बाहेर काढली. तेल, मोहरी, हिंग, हळद, मिरची. निघता निघता घरून करून आणलेली. सातशेदोनने वाटीला बोट लावलं. सातशेदोन आठ वर्षांची, पुढचे दोन दात नाहीत, खिशात छोटी वही.

"काकू, हे गरम आहे."

"हो. फोडणी आहे ना ती."

"कुठे केली?"

"घरी."

"घरी गॅस आहे?"

"आहे."

तिने वही काढली. "मग हे फायरलेस नाही. हे चीटिंग आहे." वहीत तसं लिहिलंसुद्धा. 'चीटिंग'मधला पहिला 'ची' दीर्घ, अगदी बरोबर.

तिसऱ्या दिवशी मी खमंग काकडी ठरवली. कूट नाही, फोडणी नाही, म्हणजे खमंग गेलं आणि काकडी राहिली. मीठ लावल्यावर काकडीला पाणी सुटलं तेव्हा सगळे "काकडी रडतेय" म्हणून खूश झाले, पण ते दोन मिनिटंच. तेवढ्यात सातशेदोनला माझ्या पिशवीत दुसऱ्या दिवशीच्या भेळेसाठी आणलेले मुरमुरे दिसले.

"काकू, मुरमुरे झाडाला येतात का?"

इथे शहाण्या बाईने "हो" म्हटलं असतं. पण मला सांगायची खोड. मी म्हटलं, नाही गं, तांदळाचे करतात. भडभुंजा असतो ना, तो कढईत वाळू तापवतो, लालभडक भट्टीवर, त्यात तांदूळ टाकला की फट्कन फुलतो. "भट्टी म्हणजे आग?" आग. वहीत मुरमुरे गेले. "आणि कालचे पोहे?" भात भिजवायचा, भाजायचा, मग कांडून चपटा करायचा. पोहेही गेले. एव्हाना बाकीच्यांना खेळ समजला होता आणि सगळे पदार्थ ओरडायला लागले. शेव! तळतात. फुटाणे! भाजतात. साखर! उसाचा रस उकळतात. गूळ! तोही, गुऱ्हाळावर, भल्यामोठ्या काहिलीत. दूध! मी म्हटलं, पिशवीतलं दूध डेअरीतूनच तापून येतं, ७२ अंशांवर १५ सेकंद. सातशेदोनने मला ७२ पुन्हा विचारून घेतलं. दही मी स्वतःच कबूल केलं. त्याच्यासाठी आधी दूध लागतं.

मग मला सुचलं आणि मी जवळजवळ ओरडलेच, "मीठ!" हॉल शांत झाला. मिठागरात समुद्राचं पाणी घेतात, वाफ्यांमध्ये पसरतात, उन्हाने पाणी उडून जातं, मीठ राहतं. चूल नाही, भट्टी नाही, गॅस नाही. आहे काही म्हणणं?

सातशेदोनकडे म्हणणं नव्हतं. पेन तसंच हवेत राहिलं. तेवढ्यात मागून आवाज आला. एकशेदोन. वय पाच. तीन दिवसांत या मुलाने एक शब्द काढला नव्हता. मला तर वाटत होतं, त्याला स्वयंपाकात गोडी नसेल.

"सूर्य गॅसचा असतो."

"काय रे?"

"सूर्य गॅसचा असतो. पोस्टरवर लिहिलंय. आतून पण गॅसच."

सातशेदोनने मीठ लिहून घेतलं.

मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. राहिलं काय, तर काकडी, लिंबू आणि केळी. "केळी!" मी क्षीण आवाजात म्हटलं, "उद्या नुसती केळी सोलून खाऊ." पाचशेएक म्हणाला, "आमचे बाबा म्हणतात, केळी गॅसनेच पिकवतात." आता त्याचे बाबा चुकीचे नव्हते. बंद खोल्यांत इथिलीन सोडून केळी पिकवतात, त्याला परवानगी आहे. फळ पिकताना स्वतःही तोच वायू सोडतं. बंदी आहे ती कार्बाइडवर. हे मी सगळं नीट समजावून सांगितलं. मुलांनी त्यातून 'गॅस' एवढा एकच शब्द उचलला. काकडी उन्हात वाढते, हे कोणाच्या लक्षात यायच्या आत मी शिबिराची वेळ संपली असं जाहीर केलं. अजून वीस मिनिटं होती.

रात्री पडल्या पडल्या हिशोब केला आणि वाटलं, पोरगी बोलतेय त्यात खोटं काय आहे? सकाळी सहाला उठून मी काय करते? पोहे ऊन करून कुरकुरीत करते. फोडणी करते. पन्ह्याच्या कैऱ्या उकडते, कारण सरबत फसल्यावर रोज मुलांना प्यायला काहीतरी द्यावं लागतं. भेळेची आंबटगोड चटणी तर अर्धा तास शिजत होती. मग हे सगळं पाच डब्यांत भरून क्लबहाउसमध्ये न्यायचं, आणि तिथे अकरा जणांनी चमचा फिरवला की त्याला म्हणायचं गॅस न पेटवता स्वयंपाक. या फायरलेस कुकिंगपायी आमच्या घरचा १४.२ किलोचा सिलेंडर नेहमीपेक्षा आठवडाभर आधी संपला.

चौथ्या दिवशी आईबाबा आले. बिनकांद्याची, बिनबटाट्याची, बिनदाण्याची भेळ. कैरी, टोमॅटो आणि भरपूर शेव घालून, आणि खरं सांगायचं तर झकास झाली होती. मिठाची चिमूट या वेळी एकालाच घालू दिली, बाकीच्या दहा जणांनी पहारा केला. सेक्रेटरींनी दोन प्लेटा खाल्ल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा! गॅस नाही, काही नाही, आणि मुलांनी केवढं केलं!"

सातशेदोनने वही उघडली आणि सगळ्या आईबाबांसमोर यादी वाचली. भडभुंज्यापासून ७२ अंशांपर्यंत. शेवटी मान वर करून, "आणि चटणी काकूंच्या गॅसवर." टाळ्या पडल्या. या वेळी माझा हात खाली होता.

मग प्रमाणपत्रं वाटायची होती. गठ्ठा सकाळपासून मुलांच्याच टेबलावर पडून होता. उघडला तर अकराच्या अकरा प्रमाणपत्रांवरचा 'फायरलेस' हा शब्द जांभळ्या स्केचपेनने खोडलेला. सेक्रेटरी माझ्याकडे पाहायला लागले. मी पेन मागितलं आणि सह्या करायला बसले.

एकशेदोनच्या प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात एक पिवळाधमक सूर्य काढलेला होता. किरणं वगैरे नेहमीसारखीच. फक्त खालून एक नारिंगी नळी निघाली होती, आणि नळीच्या टोकाला लाल सिलेंडर.