नोकरी सोडून काहीही द्या

समजा, उद्या तुमच्या हाती राज्याचं रोजगाराचं खातं आलं. अशक्य काही नाही. खातेवाटप रात्री उशिरापर्यंत चालतं आणि तोवर चांगली खाती संपलेली असतात. सकाळी दार उघडाल तर समोर पोरं उभी. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाईल, फाईलमध्ये सगळ्या परीक्षांची प्रमाणपत्रं, आणि तोंडात एकच शब्द : नोकरी. घाबरू नका. या प्रसंगासाठी महाराष्ट्राने भलीमोठी शब्दसंपत्ती साठवून ठेवली आहे. तुम्ही ती फक्त नीट वापरायची.

मुख्य पथ्य एकच. 'नोकरी' आणि 'पगार' हे दोन शब्द एका सरकारी कागदावर भेटू द्यायचे नाहीत. भेटले की त्यांच्यामागून रजा येते, भविष्य निर्वाह निधी येतो, वेतनश्रेणी येते आणि तिचं बोट धरून वेतन आयोग येतो. त्यापेक्षा 'मानधन' म्हणा. यात मान लगेच मिळतो, धन तीन-चार महिन्यांनी आलं तरी चालतं. वस्तीत ताप, लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण, सगळं जिच्या अंगावर टाकलंय ती आशाताई कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. अंगणवाडीतली बाई सेविका आहे. सन २००० मध्ये तर आपण शिक्षकालाही पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक' करून टाकलं. सेवकाला सेवेचं पुण्य मिळतं, त्यामुळे अकरावी-बारावीला शिकवणाऱ्याचं महिन्याचं मानधन बरीच वर्षं ९,००० रुपयांवर छान रेंगाळलं. २०२३ मध्ये ते २०,००० झालं, प्राथमिकचं ६,००० वरून १६,०००. इतकं वाढवल्यावरही शब्द मात्र 'सेवक'च ठेवला. हे कसब शिकण्यासारखं आहे. महाविद्यालयात याच कामाला 'तासिका तत्त्व' म्हणतात. तास मोजून पैसे देण्याला 'तत्त्व' हा शब्द ज्याला सुचला, त्याला माझा साष्टांग नमस्कार.

शब्द चुकला तर काय होतं, त्याचाही धडा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी कामासाठी माणसं घेण्याचा निर्णय निघाला. लोकांनी त्याला 'कंत्राटी भरती' म्हटलं, ओरड झाली, आणि ऑक्टोबरात निर्णय मागे घ्यावा लागला. 'कंत्राटी' हा शब्दच टोचणारा. 'प्रशिक्षणार्थी' कसा मऊ आहे बघा. पुढच्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. हा पगार नाही, विद्यावेतन. मुदत आधी सहा महिने होती, मग ओरड झाल्यावर अकरा महिने झाली. अकराच का, हे भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुणालाही विचारा. बारावा महिना लागला की माणसाला घर आपलं वाटू लागतं.

यावर कुणी विचारेल, अकरा महिने ज्या टेबलावर त्याने काम केलं ते टेबल रिकामं होतं ना? मग ती जागा भरत का नाही? अशा माणसाला चहा पाजा आणि विषय बदला.

आता पैशाकडे वळू. लोकांना वाटतं पैसा नाही म्हणून अडलंय. तुमच्या जुन्या पगाराच्या पावत्या काढून बघा, दरमहा २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. व्यवसाय कर. हा कशासाठी कापतात, असं दहा पगारदारांना विचारलं तर नऊ जण 'सरकार कापतं' एवढंच सांगतील. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला लाखो माणसं उतरली, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर गेली, आणि तिला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये हा कर बसला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या बिनकामाच्या माणसाच्या मजुरीसाठी वर्गणी द्यायची, असा तो साधा सौदा होता. देशाने काम मागण्याच्या हक्काचा कायदा २००५ मध्ये केला, आपण १९७७ मध्येच केला होता. हे अभिमानाने भाषणात सांगा, पण त्यातला वर्गणीचा भाग गाळा. करदात्याला आपण काय विकत घेतलं ते कळलं की तो माल मागायला येतो. आणि वर्गणी वाढवायचा विषय तर काढूच नका. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली ती १९८८ मध्ये. तेव्हापासून पगार हलले, भाडी हलली, आमदार तर कितीदा हलले, ती मर्यादा तेवढी जागेवर आहे.

दुसरी थैली बांधकामाची. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचं आणि तो बांधकाम मजुरांसाठी खर्चायचं ठरलं. मजुराने नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणायचा. आता मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला सोमवारी एक मालक भेटतो, मंगळवारी दुसरा, बुधवारी कुणीच नाही. या सगळ्यांना शोधून सह्या घ्यायच्या तर त्याचे उरलेले दिवसही त्यातच जातील. अट उत्तम आहे, मुळीच हात लावू नका. जे नोंदणीपर्यंत पोचतात त्यांना भांड्यांचा संच द्यावा, तसा तो देतातच. कुणी म्हणेल, बिगाऱ्याला फरशीकाम किंवा वायरिंग शिकवलं तर त्याची मजुरी कायमची वाढेल. वाढेल हो. पण वाढलेल्या मजुरीचा फोटो निघत नाही. परातीचा निघतो, परात देणाऱ्यासकट.

उद्योगांबद्दल फार बोलायला नको. मुंबई-पुण्याबाहेर कारखाने जावेत म्हणून १९६४ पासून सवलती देतोय. तालुक्यांचे ए, बी, सी, डी असे गट पाडलेत, सगळ्यात मागासांपैकी कित्येक 'डी प्लस' आहेत. नापासाला प्लस लावणारं हे जगातलं एकमेव प्रगतिपुस्तक असावं. सवलत मोजताना मुख्य आकडा गुंतवणुकीचा धरा, यंत्रं किती कोटींची ते बघा. पगार किती जणांना, किती वर्षं, हे कंपनीने सांगावं आणि आपण ऐकावं. वर्षातून एकदा जागतिक आर्थिक परिषदेसाठी स्वित्झर्लंडमधल्या दावोसला जाऊन या. २०२५ मध्ये तिथे १५ लाख कोटींच्या वर करार झाले, त्यातले कित्येक मुंबईत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांशी. मंत्रालयातून टॅक्सीने जाऊन ही सही झाली नसती का? झाली असती, पण मागे बर्फ नसता.

आणि खरोखरच चार पक्क्या जागा भरायची वेळ आली, तरी खचू नका. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या, अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या गटाला शुल्क १,००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. हिशेब तुम्हीच करा. बेरोजगारीतून थेट उत्पन्न मिळवणारं तुमचं खातं आहे. त्याला कमी लेखू नका.

राहता राहिली दाराशी उभी असलेली पोरं. त्यांना हाकलू नका, वाईट दिसतं. नावं लिहून घ्या. लिहायला माणूस लागेल, तर त्यांच्यातलाच एखादा पदवीधर, हस्ताक्षर बरं असलेला, प्रशिक्षणार्थी म्हणून आत घ्या. यादी त्याच्याच ताब्यात राहील. अकरावा महिना संपेल त्या संध्याकाळी दिवा मालवण्याआधी तो शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव लिहील आणि जाताना दार नीट ओढून घेईल.