बाळाला वजन असू द्या

आमच्या बालवाडीत बाळाचा कोपरा मांडायला लागून सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी बाजारातून प्लॅस्टिकचा संच आणला होता. गुलाबी बाहुली, गुलाबी बाटली, गुलाबी कंगवा. आठवड्याभरात बाहुलीचा एक पाय निखळला आणि उरलेल्या पायाला धरून मुलं तिला वर्गभर फरफटवत होती. मी त्यांना रागावले. आज वाटतं, उगाच रागावले. त्या बाहुलीला वजनच नव्हतं. हाताला काही जाणवलंच नाही, तर चार वर्षांचं लेकरू जपणार काय?

मग सासूबाईंनी जुन्या सुती साडीची चिंधीची बाहुली शिवून दिली. आत कापूस आणि पोटाशी, बुडाशी धुऊन वाळवलेल्या रेतीची दुहेरी शिवलेली पिशवी. वजन भरलं दीड किलो. खरं बाळ जन्मतः अडीच-तीन किलोचं असतं, पण तेवढं या मुलांना पेलत नाही. डोळे दोऱ्याने भरले. बटणं लावली की ती निघतात आणि थेट तोंडात जातात. मान मुद्दाम सैल ठेवली. दुसऱ्या दिवशी एका मुलीने ते बाळ उचललं, मान मागे कलली, आणि कुणीही न सांगता तिचा डावा हात बाळाच्या डोक्याखाली गेला. मी दारात उभी होते. अंगावर काटा आला माझ्या.

म्हणून सांगते, संच विकत आणू नका. माळ्यावरचं गाठोडं सोडा. दुपटं, झबलं, टोपडं, कुंची, चार बाळुती, तेलाची वाटी, पाट, परात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधनं उभी केली. आपल्याला आज काय कमी आहे?

पाणीही खरंच द्या. परातीत दोन बोटं, आणि शेजारी मोठं माणूस बसलेलं हवंच. (अंघोळीला रबरी बाहुली ठेवा. रेतीची भिजली की दोन दिवस वाळत नाही.) एक मुलगा पाटावर पाय लांब करून बसतो, बाळाला पायांवर पालथं घेतो, पाठ चोळतो, मग उताणं करून कपाळावर हाताचा आडोसा धरतो, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून. शेवटचा तांब्या ओवाळून टाकतो. हे सगळं त्याने घरी आजीला करताना पाहिलंय. त्याला वाटतं, बाळाला असंच न्हाऊ घालतात. मग ते मोडायचं कशाला? झोळी मात्र बांधू नका. दोरी गळ्याभोवती जायला वेळ लागत नाही. बाळाला टोपलीत निजवा.

आणि ती बाटली! दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. आणि खेळण्याच्या प्रत्येक संचात बाटली असतेच. मी ती काढून टाकली. मुलं बाळाला छातीशी धरतात, वर ओढणी घेतात. त्यावर कुणी हसलं की मला फार राग येतो. ज्यांच्या घरी वरचं दूध द्यावं लागतं, त्यांची मुलं वाटी-चमचा घेतात. एकीने आजीच्या घरचं बोंडलं आणलं होतं.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून चुकली. एक मुलगी बाळाला धपाटे घालत होती, "गप्प बस, गप्प बस" म्हणत. मी बाळ काढून घेतलं आणि "बाळाला मारायचं नाही" असं सुनावलं. नंतर कळलं, घरी नवं बाळ रात्रभर रडत होतं आणि हिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तिला ते कुठेतरी बाहेर काढायचं होतं आणि मी तेवढी जागाही हिरावून घेतली. आता मी जवळ जाऊन बसते आणि विचारते, "फार रडतंय का गं?" बहुतेक वेळा धपाटा थोपटण्यावर येतो. नाही आला, तरी मी बसून राहते.

मुलगे बाहुलीशी खेळतात म्हणून दरवर्षी एखादे बाबा तक्रार घेऊन येतात. गेल्या महिन्यात एक आले. त्यांना म्हटलं, "पाच मिनिटं थांबा." आत बारसं चाललं होतं. त्यांच्या मुलाला घरी दोन महिन्यांची बहीण आहे आणि तिथे त्याला दिवसभर एकच ऐकायला मिळतं, "हात लावू नकोस." इथे तो आत्या झाला होता. टोपलीवर वाकून त्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, जोरात "कुर्र" केलं, आणि बाकीच्या पोरांनी त्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. बाबांनी चपला काढल्या आणि आत येऊन बसले.