आधी विमान आपटू द्यायला शिका

भाच्याची दहावीची परीक्षा संपली आणि त्याने साठवलेल्या पैशातून आरसी, म्हणजे रिमोटने उडणारं, छोटं विमान मागवलं. खोकं घरी आलं त्याच संध्याकाळी ताईचा फोन. "तू आल्याशिवाय मी त्याला हात लावू देणार नाही. काय ते तूच बघ." तेव्हापासून दीड महिना दर रविवारी सकाळी आम्ही मामा-भाचे रानात असतो. फोटो टाकले तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की आमच्या मुलालाही घ्यायचंय, काय घेऊ, कुठे उडवू. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. लांबेल, पण ज्यांच्या घरात असं खोकं येणार आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

मी मिरजेत राहतो, गेली नऊ वर्षं विमानं उडवतोय. माझं म्हणणं एकच आहे. नवशिक्याने सगळ्यात आधी स्वतःच्या हाताने विमान पाडायला शिकावं. वळणं, लँडिंग, लूप हे सगळं त्यानंतर.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. माझं पहिलं विमान साडेआठ हजारांचं होतं. तेव्हाच्या माझ्या पगारात ती रक्कम मोठी होती. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात गेलो. एका कडेला पोरं क्रिकेट खेळत होती, म्हटलं लांब आहेत. तिसऱ्या मिनिटाला वारा फिरला आणि विमान त्यांच्या दिशेने वाहायला लागलं. थ्रॉटल, म्हणजे मोटरची पॉवर, शून्यावर आणायला रिमोटच्या काठीवरचा डावा अंगठा दोन-तीन सेंटिमीटर खाली ओढावा लागतो, बास. मी तो ओढला नाही. उलट पॉवर वाढवली, कारण डोक्यात फक्त साडेआठ हजार होते. विमान एका पोराच्या डोक्यावरून हातभर अंतराने गेलं आणि पलीकडे लावलेल्या स्कूटरवर आदळलं. आरसा फुटला, पंख मधोमध मोडला. तो पोरगा प्रॉपचा, म्हणजे पुढच्या फिरत्या पात्याचा, तुकडा घेऊन माझ्याकडे पळत आला आणि हसत म्हणाला, "काका, हे घ्या तुमचं." आठ-नऊ वर्षांचा असेल. त्या रात्री मला झोप लागली नाही. आजही त्याचा चेहरा आठवतो.

हातभर अंतर चुकलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब नंतर मी कागदावर मांडला. ८०० ग्रॅमचं विमान ताशी ५४ किलोमीटरने जात असेल, तर त्यात साधारण ९० ज्यूल ऊर्जा असते. लेदरचा बॉल १६० ग्रॅमच्या आसपास असतो. तो ताशी १२० किलोमीटरने आला तर त्याची ऊर्जाही जवळपास तेवढीच भरते. म्हणजे हेल्मेट न घातलेल्या पोराच्या दिशेने मी फास्ट बॉलरचा चेंडू सोडला होता, आणि त्याच्या पुढे फिरतं पातं होतं. फोमचंच तर आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. फोम मऊ असतो, पण आतली मोटर आणि बॅटरी मऊ नसते.

पात्याचंही ऐका. दहा इंची प्रॉप मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३८० किलोमीटरच्या आसपास जातो. माझ्या एका मित्राने घरात, टेबलावर, प्रॉप लावलेल्या अवस्थेत बॅटरी जोडली. नव्या रिमोटमध्ये थ्रॉटलची दिशा उलटी सेट झाली होती. काठी खाली, पण विमानाला मिळालेला हुकूम फुल पॉवरचा. विमान टेबलावरून उडालं, याने ते धरायला हात घातला आणि तर्जनीला सात टाके पडले. हाडाला लागलं नाही हे नशीब. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: घरात प्रॉप मोटरवर नसतो, पिशवीत असतो. सगळं सेटिंग प्रॉपशिवाय करायचं. मैदानात गेल्यावर तो शेवटी चढवायचा आणि बॅटरी जोडताना हात, तोंड, गळ्यातली ओढणी किंवा मफलर पात्याच्या रेषेत येऊ द्यायचा नाही. आधी रिमोट चालू, मग बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी काढायची, मग रिमोट बंद. आणि रिमोटच्या एका बटणाला थ्रॉटल कट लावून ठेवायचा. ते बटण पडलेलं असेल तर काठी चुकून सरकली तरी मोटर फिरत नाही.

आता एक गैरसमज. हल्ली मुलांनी आधी ड्रोन हाताळलेला असतो. जीपीएसवाल्या ड्रोनच्या काठ्या सोडल्या की तो जागच्या जागी थांबतो. विमान थांबत नाही. त्याला हवेत राहायलाच वेग लागतो. सेकंदाला दहा मीटर म्हणजे तसा निवांत वेग, पण तुम्ही दहा सेकंद गोंधळलात की विमान शंभर मीटर लांब गेलेलं असतं, ठिपका झालेलं, तोंड कुठे नि शेपूट कुठे ते कळत नाही. घाबरलं की माणूस काठी मागे ओढतो, विमान नाक वर करतं, वेग मरतो, पंखावरची हवा तुटते आणि एक पंख खाली टाकून ते गिरकी घेत पडतं. म्हणून सुरुवातीपासून दोन-तीन नारळाच्या झाडांच्या उंचीवर उडवावं. नाक खाली देऊन वेग परत मिळवायला तेवढी जागा लागते.

आणि विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. ही अडचण प्रत्येकाला येते, हुशार मुलांनाही. मी भाच्याला एकच खूण दिली: जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्या बाजूला काठी ने. जणू त्या पंखाला खालून टेकू देतोयस. पण ती अंगठ्यात उतरायला वेळ लागतो, आणि तो वेळ सिम्युलेटरवर घालवावा. पिकासिमसारखे फुकट सिम्युलेटर आहेत. मी त्याला सांगितलं, दहा तास झाल्याशिवाय रानात यायचं नाही. "मामा, किती दिवस नुसतं कॉम्प्युटरवरच?" असं चाललं होतं. ताईनेच वहीत तास लिहून ठेवले.

विमान कोणतं घ्यावं? फायटरच्या आकाराचं नको. दिसायला देखणं असतं म्हणून मुलं त्याच्यावरच बोट ठेवतात, पण ते वेगाने जातं आणि स्वतःहून सरळ होत नाही. पंख वर बसवलेलं, पंखांची टोकं किंचित वर उचललेली असलेलं, फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, घ्या. काठ्या सोडल्या तर ते बऱ्यापैकी स्वतः सावरतं. हल्ली आत स्टॅबिलायझर, म्हणजे विमान आपोआप सरळ ठेवणारं यंत्र, असलेलीही मिळतात. माझं त्यांच्याशी वैर नाही, मदत होते. पण विमान कुठल्या दिशेला चाललंय हे तो तुम्हाला सांगत नाही. आणि मुख्य म्हणजे, जे आपटलं तर घरात रडारड होईल असं महागडं विमान घेऊ नका. महाग विमान असलं की अंगठा खाली येत नाही. माझा आला नव्हता.

उडवण्याआधी सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, तपासा. दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान तोलायचं. माहितीपत्रकात दिलेल्या खुणेवर, बहुतेक ट्रेनरमध्ये पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर, ते आडवं राहिलं पाहिजे. शेपूट जड असलेलं विमान नवशिक्याला आवरत नाही. मग विमानाच्या मागे उभं राहून काठी उजवीकडे: उजव्या पंखाची मागची हलणारी पट्टी वर गेली पाहिजे. उलटी जात असेल तर पहिलं उड्डाण तीन सेकंदांत संपतं.

जागेबद्दल मी फार आग्रही आहे. गल्ली नाही, गच्ची नाही, सोसायटीचं पार्किंग नाही, शाळेचं मैदान मुलं असताना नाही. आमच्याकडे मार्चमध्ये हरभरा निघालेली रानं मोकळी असतात. मालकाला विचारून, वर विजेच्या तारा आहेत का बघून, सकाळी सातच्या आत. एप्रिलच्या दुपारी वळवाआधी जो वारा सुटतो त्यात हलकं विमान कुणाच्याच हातात राहत नाही. विमान वाऱ्याकडे तोंड करून सोडायचं. फेकणारा वेगळा आणि रिमोट धरणारा वेगळा. तारेवर अडकलं तर विषय संपला, विमान तिथेच सोडायचं. बांबू घेऊन काढायला जायचं नाही.

गावाकडे आणखी एक गोष्ट होते: विमान वर गेलं की दहा मिनिटांत पंधरा माणसं जमतात आणि पोरं विमानाच्या खालून पळायला लागतात. ओरडून उपयोग नाही. मी फक्कीची पिशवी नेतो आणि एक लांब पांढरी रेघ मारतो. उडवणारा रेघेवर उभा, बघणारे सगळे मागे, विमान कायम पुढे. कबड्डीच्या मैदानाची सवय असलेली पोरं ती रेघ ओलांडत नाहीत, हे मी दरवेळी बघतो. आणि विमान रेघेच्या मागे यायला लागलं की विचार नाही, वळवायचा प्रयत्न नाही, थ्रॉटल शून्य. हा निर्णय विमान जमिनीवर असतानाच घेतलेला असला पाहिजे. हवेत असताना घ्यायला वेळ नसतो.

उसात पडलं तर? पडणारच, आमच्या भागात ऊस टाळता येत नाही. पडलं त्या क्षणी जागेवरून हलू नका. हात ताणून दिशा धरा, मागचं एखादं झाड लक्षात ठेवा आणि दुसऱ्या माणसाला त्या रेषेत पाठवा. पट्ट्यात शिरल्यावर रिमोट धरणाऱ्याने थ्रॉटल कट लावून फक्त रडरची, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या पट्टीची, काठी हलवत राहावी. पाचटात कुठेतरी सर्वोची, म्हणजे पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरची, कुंई-कुंई ऐकू येते. मागच्या महिन्यात अर्धा तास शोधून आम्ही शेवटी त्याच आवाजावर पोचलो, विमान दोन उसांच्या मधे उभंच होतं. हात लावल्यावर पहिलं काम बॅटरी काढणं. उसात एकट्याने शिरू नका आणि अंधार पडायला लागला तर अजिबात नको. शिराळा-वाळवा भागात बिबट्या फिरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विमान सकाळी मिळेल.

बॅटरीकडे घरातल्या मोठ्यांनी स्वतः लक्ष द्यावं. विमानातली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी म्हणजे मोबाईलची बॅटरी समजू नका. तीन सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट, म्हणजे सेलला ४.२. त्यापुढे भरली किंवा सेलला ३ व्होल्टच्या खाली उतरवली तर ती खराब होते, फुगते, पेट घेऊ शकते. चार्जिंग बॅलन्स चार्जरनेच (जो प्रत्येक सेल सारखा भरतो), २२०० एमएएचची असेल तर २.२ अँपिअरवर, उघड्या फरशीवर, माणूस समोर बसलेला असताना. गादीवर नाही, रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेली बॅटरी एकदाच वापरू म्हणून वापरायची नाही. मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवायची नाही. आठवडाभर उडवणार नसाल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. आमच्याकडे चार्जरशेजारी वाळूची बादली असते.

कायद्याचं थोडक्यात. ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम फक्त चार पंख्यांच्या ड्रोनसाठी नाहीत, त्यांत एरोप्लेनचा प्रकारही येतो. २५० ग्रॅमपर्यंतचं विमान नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग दाखवलेले असतात. हिरव्या भागातसुद्धा वरची मर्यादा १२० मीटर, आणि विमानतळाजवळ ती आणखी कमी होते. पुण्यातल्यांनी तर नकाशा बघितल्याशिवाय खोकंसुद्धा उघडू नये. एकीकडे लोहगावला हवाई दलाचा तळ, दुसरीकडे खडकवासल्याला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. आणि नकाशा हिरवा असला तरी खरं विमान किंवा हेलिकॉप्टर ऐकू आलं की आपलं खाली उतरवायचं.

शक्य असेल तर शिकवणारं माणूस शोधा. कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर तिथे एरोमॉडेलिंग असतं, तिथल्या मुलांना विचारा. दोन रिमोट जोडून शिकवता येतं, चूक झाली की शिकवणारा ताबा घेतो. व्हिडिओ बघून एकट्याने शिकता येत नाही असं मी म्हणत नाही. मी तसाच शिकलो, आणि त्या पोराच्या डोक्यावरून विमान गेलं ते त्यामुळेच.

गेल्या रविवारी भाच्याची सातवी फेरी होती. छान गोल चालले होते. तेवढ्यात बांधावरून एक आजी शेळी घेऊन थेट रेघेच्या पुढे आल्या, आणि विमान वळून त्याच बाजूला निघालेलं. मी तोंड उघडायच्या आत मोटरचा आवाज बंद झाला. विमान आजींच्या बरंच अलीकडे, हरभऱ्याच्या बुडख्यांत नाकावर पडलं. प्रॉप मोडला, नाकाचा फोम चेपला. पोरगा रिमोट धरून तसाच उभा, ओठ घट्ट मिटलेले. आजी म्हणाल्या, "आरं, पडलं की तुझं!" तो म्हणाला, "असू दे आजी, तुम्ही जावा आधी पलीकडं."

नाक ग्लू गनने चिकटवलंय, नवा प्रॉप आणलाय. येत्या रविवारी साडेसहाला पुन्हा त्याच रानात आहोत. सांगली-मिरजेच्या आसपासचं कुणी मुलाला घेऊन येणार असेल तर मेसेज करा, जागा कळवतो. प्रॉप तेवढा काढून पिशवीत घालून आणा.