आधी तिची वही उघडून बघा

आमच्या बडोद्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मजकूर महिन्याभरात चार वेळा आला. मजकूर थोडक्यात असा: ज्यांना सायन्स-कॉमर्स झेपत नाही त्यांच्यासाठी लिबरल आर्ट्स असतं, पुढे काय करायचं हे ठरत नसलं की चार वर्षं ढकलायची ती सोय आहे, इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत थोडक्या फीत होणाऱ्या बीएसाठी लोक लाखो रुपये घालवतात. आणि एवढं करून नोकरी नाहीच. माझी भाची बारावीत आहे, आणि तिला लिबरल आर्ट्सलाच, म्हणजे वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकता येतात अशा पदवीला, जायचंय. हा मजकूर वाचल्यापासून तिची आई, म्हणजे माझी ताई, तिच्याशी धड बोललेली नाही. म्हणून मुद्दे धरून उत्तर लिहितेय.

"सायन्स झेपत नाही त्यांच्यासाठी." हा सगळा घोळ ‘आर्ट्स’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे आर्ट्स म्हटलं की बारावीची शाखा आठवते, आणि बडोद्यात तर थेट फाइन आर्ट्स फॅकल्टीच डोळ्यांसमोर येते. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत लिबरल आर्ट्स या नावाखाली सात विषय होते: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत. संगीतही तिथे स्वरांच्या प्रमाणांचं गणित म्हणून शिकवत. म्हणजे सातांतले चार विषय गणिताचेच. आजही अमेरिकेतल्या अशा कॉलेजांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स हे मुख्य विषय म्हणून घेता येतात. इंटेल कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट नॉइस, आयोवातल्या ग्रिनेल या छोट्या कॉलेजात शिकला. जनुकांत नेमका बदल करण्याच्या तंत्रासाठी २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या. दोन्ही लिबरल आर्ट्स कॉलेजं आहेत. या मुद्द्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवायची गरज नाही.

"ठरत नाही म्हणून." हा आरोप मला खरोखर बोचला, कारण तो थेट मुलीच्या स्वभावावर आहे. इथे मला तिची एक वही तुमच्यासमोर उघडायची आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा ती अकरावीत होती. समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर बाकीचे गाळ काढत होते आणि ही आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन भिंतीवरचे डाग मोजत फिरत होती. आधी तिला सगळे रागावले, मीसुद्धा. मग एका संध्याकाळी तिनं मला वही दाखवली. पानावर चार रकाने: घर, पाण्याची उंची, पाणी कधी आलं, कुठून आलं. गेटजवळ ९१ सेंटिमीटर, मागच्या गल्लीत ६२. एका घरापुढे लिहिलं होतं, "विजेच्या मीटरच्या खाली चार बोटं." वॉचमनकाकांचं म्हणणं तिनं त्यांच्याच शब्दांत उतरवलं होतं: पाणी रस्त्यावरून नाही आलं, गटारातून वर आलं. कामाला येणाऱ्या बाईंचं वाक्य तर तिनं दोनदा अधोरेखित केलं होतं: "सूचना सोसायटीच्या ग्रुपवर आली. आम्ही त्या ग्रुपवर नाही." आणि शेवटच्या पानावर तिचा स्वतःचा प्रश्न: आजवा धरणाचं पाणी कधी आणि किती सोडायचं हे कोण ठरवतं?

आता हिला कुठल्या शाखेत टाकायचं ते मजकूर लिहिणाऱ्यांनी मला सांगावं. डागांची उंची हा भूगोल आणि पाण्याच्या वहनाचा विषय. गटार म्हणजे नगररचना. सूचना कुणापर्यंत पोचली हे समाजशास्त्र, आणि आजव्याचा निर्णय हा राज्यकारभाराचा प्रश्न. हिचं सगळं ठरलेलं आहे. तिला तो पूर समजून घ्यायचाय. तो एका विषयात मावत नाही, यात तिचा काय दोष?

आणि असं अनेक विषयांत शिरणं बडोद्याच्या माणसांना परकं वाटावं याचं मला वाईट वाटतं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कोलंबिया म्हणजे काही छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज नव्हे, आणि ते तिथे गेले ते पदवीनंतर. पण त्यांनी काय शिकायला घेतलं ते बघा. एम.ए.ला मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. जातिसंस्थेच्या उगमावरचा त्यांचा निबंध १९१६ साली मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचला गेला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथे कुणी "तुझं काही ठरत नाही" म्हटलं नसावं.

याच गावात वाढलेले वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ साली एम. एस. मधून भौतिकशास्त्रात बीएससी केली, अमेरिकेत त्याच विषयात पीएचडी केली, आणि मग जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात जाऊन बसले. २००९ चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. हे त्यांनी एका विषयाच्या साध्या पदवीवरून केलं हेही लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा मुद्दा पैशांचा आहे.

"थोडक्या फीत होणाऱ्या बीएसाठी लाखो रुपये." इथे मजकुरात तथ्य आहे आणि ते मी मान्य करते. पुण्याला, अहमदाबादला किंवा सोनीपतला खासगी विद्यापीठात ठेवायचं तर वसतिगृहासकट चार वर्षांचा खर्च मध्यमवर्गीय घराला वाकवतो. अमेरिकेत अ‍ॅम्हर्स्ट किंवा विल्यम्स या लिबरल आर्ट्स कॉलेजांचा छापील आकडा वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर आहे. मात्र छापील आकडा सगळ्यांना भरावा लागत नाही. अ‍ॅम्हर्स्टसारखी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यालाही प्रवेश देताना त्याची ऐपत बघत नाहीत, आणि प्रवेश दिला तर घरच्या उत्पन्नाप्रमाणे मदत देतात. तिथे शिरकाव होणं फार कठीण, हेही खरं. इकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर सरकारी विद्यापीठांतही चार वर्षांची पदवी आणि मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषयाला दुसऱ्या विषयाची जोड, आलं आहे. मुलीला फक्त इतिहासच हवा असेल तर कर्ज काढून दूर पाठवू नका. एम. एस. ची हंसा मेहता लायब्ररी आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

"नोकरी नाही." नोकरीची हमी कुठलीच पदवी देत नाही, अभियांत्रिकी करून घरी बसलेली मुलं आपल्याच कुटुंबांत आहेत. पण काही वाटा बारावीनंतर लगेच धराव्या लागतात, आणि त्याबद्दल मात्र मजकुरात एक शब्द नाही. भारतात डॉक्टर व्हायचं असेल तर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन एमबीबीएससारख्या वैद्यकीय अभ्यासक्रमालाच जावं लागतं, आर्किटेक्चरलाही बारावीनंतरच शिरावं लागतं. वकिली कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांत करता येते. माझ्या पुतण्याला गाड्यांच्या इंजिनाखेरीज दुसरं काही सुचत नाही, दहा पानांचा निबंध लिहायचा म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. त्याला लिबरल आर्ट्सला घातलं तर तो त्याच्यावर अन्याय होईल. तो पॉलिटेक्निकला गेला आणि खुशीत आहे.

म्हणून मुलीकडे न बघता कॉलेजला वाईट ठरवणं जितकं चुकीचं, तितकंच चकचकीत माहितीपत्रक बघून चांगलं ठरवणंही. एका खासगी विद्यापीठाच्या मेळाव्यात मी विचारलं, "पहिल्या वर्षाचे निबंध तपासतं कोण?" काउंटरवरच्या मुलानं मला कॅन्टीनचे फोटो दाखवले. मी तेच पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं फोन नंबर मागितला. माझ्या यादीतल्या त्या नावावर मी काट मारली.

विचारायचं ते हे: या सेमिस्टरला प्रत्यक्षात कुठले विषय शिकवले जाताहेत, माहितीपत्रकातले नव्हे. एका वर्गात किती मुलं. मुख्य विषय कधीपर्यंत बदलता येतो, आणि बदलला तर एक वर्ष जादा लागतं का. प्रयोगशाळा आहे का, आणि पदवीच्या मुलांना तिथे हात लावू देतात का. दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलीशी, जवळ कुणी शिक्षक नसताना, अर्धा तास बोलायला मिळेल का. आणि भाचीनं एक पूर्ण दिवस वर्गात बसून बघायचं. संध्याकाळी ती वादाला पेटलेली बाहेर आली तर होकार, आणि मोबाइल बघत आली तर नकार.

ताई, हे तुझ्यासाठी. तिची ती पुराची वही माझ्याकडे आहे, उद्या पाठवते. दिवाळीनंतर आपण तिघी पुण्याला जाऊ, तिकिटं मी काढते.