तलावाच्या पाळीवर बसायचा हक्क कोणाचा?

सार्वजनिक ठिकाणी दारू पिण्यावर बंदी हवी का? हो, हवी. आणि ती पाळली जाते की नाही हे बघणारं कोणीतरी हवं.

नागपुरात फुटाळा तलावाला किंवा सेमिनरी हिल्सकडे संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. कडेला कार लावलेली, दारं उघडी, गाणी जोरात, बॉनेटवर बाटली, डिस्पोजल ग्लास आणि चखना. ते काही बोलतीलच असं नाही. पण चार-पाच जण पीत उभे दिसले की बाई रस्ता बदलते, मग लवकर घरी परतायला लागते, आणि काही दिवसांनी जायचंच सोडते. याची तक्रार कुठल्याच ठाण्यात नसते, म्हणून त्रासच नाही असं धरलं जातं. सकाळी गवतात फुटलेल्या काचा असतात आणि तिथंच लहान लेकरं खेळतात.

कायदा आहे ना! महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा. त्याच्या कलम ८५ मध्ये सार्वजनिक जागी पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला शिक्षा आहे. वाईन शॉपचं लायसन्स सीलबंद बाटली विकण्याचं असतं, बसवून पाजायचं असेल तर परमिट रूमचं वेगळं. मग दुकानापासून दहा पावलांवर उकडलेली अंडी, फुटाणे, ग्लास, पाण्याचे पाऊच, सगळं तयार कसं मिळतं? माझ्या मते पहिला जाब दुकानदाराला विचारावा. दारासमोर रोज मैफल भरत असेल तर लायसन्सचं नूतनीकरण अडवा. बघा, आठवडाभरात तो स्वतःच लोकांना हाकलायला लागेल.

कारवाई होते तेव्हा फुटपाथवर बसलेला मजूर उचलला जातो. कारवाले एक फोन लावून सुटतात. हे मला अजिबात पटत नाही, कारण जास्त धोका कारवाल्याचाच. बारमधून निघालेला माणूस निदान ऑटो तरी करू शकतो. कारमध्ये पिणारा तीच कार चालवत घरी जातो. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा होतो. मग ब्रेथ ॲनालायझर घेऊन तलावाकाठीच उभे राहा ना!

मी दारूबंदी मागत नाही. चंद्रपूरनं २०१५ ते २०२१ बंदी पाहिली. वर्ध्यात ती आजही आहे, आणि तिथं काय काय मिळतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

एक मित्र म्हणाला, ज्याच्या घरात एकच खोली आहे त्यानं कुठं प्यावं? प्रश्न खरा आहे. पण त्याच खोलीत त्याची बायको आणि पोरीही राहतात. घडीभर हवा खायला त्यांना रस्ता आणि बगिचा याशिवाय काय आहे? त्याला पिण्यासाठी परवडणारी, परवानगी असलेली जागा सरकारनं जरूर द्यावी. त्यासाठी या पोरींची जागा घेऊ नये.

आमच्या भागातल्या बायका पोलीस ठाण्यात आणि उत्पादन शुल्क विभागात अर्ज देणार आहोत. सही करायची असेल त्यांनी मला मेसेज करा. पुरुषांच्याही सह्या हव्या आहेत.